साठच्या काट्यावर

नागभीडच्या अलीकडच्या पुलावर खड्डा लागला आणि आमच्या पिकअपचं स्टेअरिंग असं थरथरायला लागलं, की माझे खांदे निखळतात की काय वाटलं. मागं धानाची पोती, शेजारी बाबा. वेग कमी करत मी कसाबसा पूल पार केला आणि दिसलं त्या पहिल्या गॅरेजपुढं गाडी लावली.

"या दिव्यानीच्या हाताले गाडी पेलत नाई," बाबा उतरता उतरता माझ्याकडं हात करून म्हणाले. "तीन मिस्तरी झाले, चाकं बदलून झाली. उद्यापासून रोशन चालवन."

रोशन माझा चुलतभाऊ. मी स्टेअरिंग धरूनच बसले. चार वर्षं ती गाडी माझ्या हातात होती.

गॅरेजवाला निकेश हात पुसत आला. भुवईवर ग्रीसचा डाग, डोळे मात्र हसरे. त्यानं बाबांना नाही, मला विचारलं, "किती स्पीडले हालते?"

"साठच्या वर. खड्डा लागला का. आत्ताच पुलावर झालं तसं."

"आन् थांबते कवा?"

"चाळीसच्या खाली आल्यावर."

"बरोबर," तो म्हणाला. त्या एका शब्दानं मला धीर आला.

चाकांना दगड लावून तो गाडीखाली शिरला. "इंजिन चालू राहू द्या. स्टेअरिंग जरा इकडं... जरा तिकडं..."

"तुमाले भेव नाई लागत?"

"तुमचा पाय ब्रेकवर हाये ना?"

"हाये."

"मंग कायचं भेव?"

मी हळूहळू स्टेअरिंग फिरवत होते, तो खाली एकेका जोडावर हात ठेवून अंदाज घेत होता. माझ्यावर इतका भरवसा आजवर कोणी टाकला नव्हता. तेवढ्यातच मला तो आवडला, खोटं कशाला सांगू?

"सापडलं," खालून आवाज आला. त्यानं बाबांना वाकायला लावून दाखवलं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रॉडचा जोड ढिला झाला होता. "भाऊ, येवढी थरथर मी नसती पेलली. भरली गाडी पुलावर सरळ ठेवली हिनं."

बाबांनी तो जोड स्वतः हलवून पाहिला.

नवा जोड बसल्यावर निकेश माझ्या शेजारी बसला आणि आम्ही पुन्हा त्याच पुलावर गेलो. पन्नास... साठ... खड्डा गेला. स्टेअरिंग जागचं हललं नाही. तो मात्र माझ्या हातांकडं बघत होता.

"रस्त्याकडं पाहा," मी म्हटलं.

"रस्ता तुमी पाहून राह्यल्या ना."

परत आल्यावर बाबा डाव्या बाजूला जाऊन बसले. "चाल, घरी ने," एवढंच म्हणाले. निकेशनं बजावलं, "पाचशे किलोमीटर झाले का आणा. नट पुन्हा आवळाचे हायेत."

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात होते. त्यानं मीटर पाहिलं.

"बासष्टच झाले."

"हो."

"काही वाजून राह्यलं का?"

"गाडीत नाई," मी म्हटलं. मग स्टेअरिंग घट्ट धरून बोलून टाकलं, "मले तुमी आवडता. पाचशेपर्यंत थांबवलं नाई."

त्याचे कान लाल झाले. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, गॅरेजचं शटर ओढलं आणि डावीकडचं दार उघडून बसला.

"चाल, दिव्यानी," तो म्हणाला. "राह्यलेले चारशे अडतीस संगंच करू."