सातवं पाऊल

"बापूजी आहेत?"

गोपिकेनं काचकामाच्या खोलीच्या दारातूनच विचारलं. विभागाची काचेची कामं बापूजीच करायचे. निळ्या ज्योतीपलीकडून वर झालेली मान मात्र बापूजींची नव्हती.

"सुट्टीवर गेले. त्यांच्या जागी मी, अनंत." पंचविशीचा, बोटांवर पोळल्याचे डाग, डोळ्यांत मिश्कील हसू. "काय फोडलं मॅडम?"

"काही नाही फोडलं!" ती फणकारली. "मले केसासारखी बारीक नळी पाहिजे. आतून पोकळ."

चौऱ्याऐंशी साल. विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात गोपिका संशोधन करत होती. असल्या नळीत द्रव-स्फटिक, म्हणजे विजेनं ज्याचे रेणू वळतात असा द्रव, भरायचा, त्यातून उजेड न्यायचा आणि विजेचं बटण दाबलं की उजेड कमीजास्त करायचा. पण हा द्रव भारी आळशी. बटण दाबलं तरी सावकाश वळायचा. त्यात चांदीचे धुळीहूनही बारीक कण मिसळले तर तो चटकन वळेल, असं तिला वाटत होतं. वाटत होतं... सिद्ध कुठे झालं होतं?

"ओढून देतो," अनंत म्हणाला. "पण हेल्पर नाही. दुसरं टोक धरता?"

काचेची जाड नळी मधोमध तापवायची. मऊ झाली की ज्योतीबाहेर काढायची. मग एकानं दारात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं टोक धरून व्हरांड्यातून मागे मागे जायचं. बारा पावलं, एका चालीनं. घाई केली की तुटली, रेंगाळलं की जाड.

"खाली पाहू नका. माझ्याकडे पाहा."

"काहून?"

"मी मान हलवली की निघायचं, म्हणून..." तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ज्योतीमुळे असेल.

ती पहिली नळी तिसऱ्याच पावलावर तुटली. दुसऱ्या दिवसापासून गोपिका काचकामाच्या खोलीबाहेरच चष्मा काढून पर्समध्ये टाकू लागली.

पंधरा दिवस रोज एक नळी. संध्याकाळी घरी जायला ती कोराडीच्या बसची वाट पाहायची, तर हा शेजारी हजर.

"तुमची वाडीची बस तिकडून सुटते ना?"

"माहीत आहे मले."

"मग इथं काय करून राहिले तुम्ही?"

"उभा राहून राहिलो," तो गंभीरपणे म्हणायचा, आणि तिला हसू आवरायचं नाही.

नळ्या मात्र हसत नव्हत्या. प्रत्येकीत चांदीचे कण एका जागी गोळा होऊन काळा ठिपका पडायचा, उजेड तिथेच अडायचा. शनिवारी तिचं काम तपासायला कमिटी येणार होती. तोवर जमलं नाही तर शिष्यवृत्ती बंद, मग कोराडीच्या वीज केंद्राच्या ऑफिसात टायपिस्ट. बाबा तिथेच नोकरीला, त्यांनी बोलूनही ठेवलं होतं.

शुक्रवारी तिनं सगळ्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून पाहिल्या. प्रत्येक नळी एकाच ठिकाणी जाड! चांदीचा काही दोष नव्हता. कण तिथेच साचत होते.

अनंतनं त्यातली एक नळी व्हरांड्यात फरशीवर ठेवली आणि जाड जागेपर्यंत पावलं मोजली.

"सातवं पाऊल. इथं तुम्ही दरवेळी थबकता. काहून?"

ती फरशीकडे पाहू लागली.

"पाय अडते का? फरशी उखडली आहे?"

"नाही..."

"मग?"

"सातव्या पावलावर..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही दिसेनासे होता."

"म्हणजे?"

तिनं पर्स उघडली आणि जाड भिंगांचा चष्मा काढून नाकावर ठेवला. मान खाली.

"हे असं ध्यान दिसू नये म्हणून... सात पावलांपुढे सगळं धूसर होते. मग पाय निघत नाही माझा."

त्यानं फरशीवरची नळी उचलून बाजूला ठेवली. ज्योत सूं करत राहिली.

"मॅडम," तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी तुम्ही चष्मा घालून आल्या होत्या. त्याच दिवसापासून मी कोराडीच्या स्टॉपवर उभा राहून राहिलो. चला. धरा टोक."

बारा पावलं. सातवं आलं, गेलं, तिला कळलंही नाही. थेट भिंतीपर्यंत तो स्वच्छ दिसत होता, कपाळावरच्या घामासकट.

शनिवारी तिनं त्याच नळीत चांदी मिसळलेला द्रव भरून बटण दाबलं, आणि उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा टुणकन उडाला. पाहुणे परीक्षक म्हणाले, "पुन्हा दाबा." पुन्हा उडाला. शिष्यवृत्ती दोन वर्षांनी वाढली.

ती धावतच काचकामाच्या खोलीत आली.

"जमलं?"

"जमलं!"

"म्हणजे आता दुसरं टोक धरायले येणार नाही तुम्ही." त्यानं ज्योत बारीक केली. "मी... कोराडीले आलो तर? तुमच्या बाबांशी बोलायले?"

"उद्या या. रविवारी ड्युटी नसते त्यांची."

तो दोन पावलांवर उभा होता. तेवढ्यावरून तिला चष्मा लागत नव्हता. तरी तिनं काढला नाही.