कोपरा फाटलेलं कार्ड

"माझी आई जित्ती हाय, आण्णा," मायाप्पा म्हणाला आणि ओट्यावर मटकन बसला.

चनबसप्पांना ते दिसतच होतं. आई त्याच्या मागेच उभी होती. डोक्यावर लोकरीचं गाठोडं, पाय धुळीनं पांढरे, आणि चेहरा असा की वाटेतलं कुत्रंही बाजूला झालं असतं.

"मी मेलीय म्हनं," चिमाबाई म्हणाली. "बघा की. मेल्यावानी दिसतीय का?"

चनबसप्पांनी आधी दोघांना पाणी दिलं. रेल्वेच्या टपालडब्यात उभं राहून त्यांनी एकतीस वर्षं पत्रं निवडली होती. आता पेन्शन खात होते, पण सोलापूरच्या पेठेत त्यांचा तापटपणा अजून नोकरीवर होता. कुणाचं पत्र चुकून दुसऱ्या दारी पडलं तरी ते पोस्टात जाऊन भांडत.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

"काल दुपारी बोर्डिंगात कार्ड आलं. कोपरा फाटलेला."

पुढचं सांगायची गरज नव्हती. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. बाहेरच वाचायचं, तिथंच फाडून फेकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं.

"आई वारली, माती उरकली, लगेच निघ, असं लिहिलेलं. मामाचं नाव खाली. मी तसाच पळत टेशनावर गेलो. मोहोळला उतरलो, तर बाजारात ही बसलेली. लोकरीचा भाव करत."

"नशीब माझं," चिमाबाई म्हणाली. "आमचा वाडा मेंढरं घिऊन भीमेच्या कडंला हाय. काल लोकर इकायला आले म्हनून सापडले. न्हायतर ह्यो चार दिस माझी माती धुंडत फिरला असता."

"आणि आज सकाळी परत येतो, तर माझं पाकीट न्हाय," मायाप्पा म्हणाला.

पाकिटात काय होतं ते चनबसप्पांना ठाऊक होतं. गेले तीन महिने मायाप्पा दुसरं काही बोलतच नव्हता. शेतकीची पदवी घेतलेला हा धनगराचा मुलगा उत्तरेतल्या एका पशुवैद्यक संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करत होता. मेंढ्यांच्या रोगांचा दोन वर्षांचा अभ्यास. सबंध इलाख्याला जागा एक, शिष्यवृत्ती एक. पदवीची मूळ सनद, मामलेदाराचा परवाच हाती आलेला दाखला आणि त्याच्या जुन्या प्रिन्सिपॉलसाहेबांचं लाखेनं बंद केलेलं शिफारसपत्र, सगळं त्या पाकिटात होतं. साहेब तर एप्रिलातच बोटीनं विलायतेला गेले. दुसरं पत्र आणायचं कुठून?

"पुढच्या साली कर म्हणतील लोक."

"पुढच्या साली वय बसत न्हाय. आई म्हणते मी पोळ्याला जन्मलो. मास्तरांनी शाळेत एक जून लिहिला. आज सत्तावीस मे. येत्या एक जूनला मी पंचविसाच्या वर जातो."

"आमची ऐंशी मेंढरं एका आठवड्यात मेली, आण्णा," चिमाबाई म्हणाली. "तोंडाला फेस यायचा अन् पडायची. कशानं मेली, ते सांगनारं मानूस हिकडं कुनी न्हाय. ह्येला तेवढंच शिकायचं हुतं."

चनबसप्पांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. शनिवार. रजिस्टरची खिडकी तीनला बंद, उद्या रविवार. आजच्या मेलनं गेलं तरच पाकीट एकतीस तारखेला, म्हणजे अर्जाच्या शेवटच्या दिवशी, पोचणार होतं.

"चल," ते म्हणाले. "आणि चिमाबाई, तुम्हीही चला. मेलेलं माणूस समोर उभं राहिलं की काही लोकांची जीभ अडखळते."

सुटीमुळे बोर्डिंग ओस पडलं होतं. मुलं गावाला गेलेली. राहत होते चौघेच: मायाप्पा, त्याच्या खोलीतला धोंडीराम, स्वयंपाकीण काशम्मा आणि सुपरिंटेंडेंट पंचाक्षरी. खोलीला कुलूप नव्हतं. पाकीट फळीवर जुन्या कापडाच्या धडप्यात गुंडाळून ठेवलं होतं. धडपा तिथंच होता.

"कार्ड कुठं फेकलंस?"

मायाप्पानं फाटकाबाहेरच्या निवडुंगाकडं बोट दाखवलं. चनबसप्पांनी काठीनं ओढून चार तुकडे बाहेर काढले आणि पायरीवर जुळवले. अशा कार्डाला हात लावायचा नसतो, म्हणून मायाप्पा दोन पावलं मागं सरला.

पाऊण आण्याचं सरकारी कार्ड. चार तुकडे नीट जुळले. फक्त पत्त्याच्या बाजूचा वरचा उजवा कोपरा छापील तिकिटावरच्या राजाच्या मुंडक्यासकट फाटलेला होता. बाकी कार्ड स्वच्छ. एका अंगाला पत्ता, दुसऱ्या अंगाला मजकूर, संपलं.

"मामाचंच अक्षर?"

"मामाला कुटं लिवता येतं? गावात जो सापडंल त्येच्याकडनं लिवून घेतो."

चनबसप्पांनी तुकडे उलटून दोन्ही बाजू पाहिल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तुकडे खिशात घालून ते स्वयंपाकघराकडं गेले.

काशम्मा चुलीपुढं बसली होती. दारात चिमाबाई दिसताच तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. "अय्यो, शिवा शिवा! ही तर जित्तीच आहे की री!"

"जिवंतच आहे. कार्ड कुणी आणून दिलं, काशम्मा?"

"सायबांनी. मी भाकरी थापत होते बघा. कोपरा फाटका दिसला, तर मी हातच लावले नाही. बाहेरच ठेवा म्हटले. मग मायाप्पाला हाक मारले."

"पोस्टमन दिसला?"

"मला इथनं फाटक कुठं दिसतंय री?"

"मायाप्पा गेल्यावर खोलीकडं कोण गेलं?"

काशम्मा घुटमळली. "धोंडीराम बाहेर पडला. काखेत काहीतरी गुंडाळून. चोरावाणी."

एवढं ऐकताच मायाप्पा अंगणात उभ्या धोंडीरामवर धावला. त्याचं काही चुकलंही नाही. त्या एकाच जागेसाठी धोंडीरामनंही अर्ज केला होता आणि त्याचा अर्ज परवाच गेला होता. चनबसप्पांनी काठी आडवी घातली नसती, तर त्याचा सदरा फाटलाच असता.

"काखेत काय होतं?"

"धोतर. परटाकडं टाकायला."

"परटाचं नाव?"

धोंडीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"पाकीट कुटंय, ते बोल!" मायाप्पा ओरडला.

"पाकिटाचं मला ठावं न्हाय! आईची आन! सिनेमाला गेलो हुतो. नवा सदरा काखेत लपवून नेला. सायबांना कळलं तर ते मला हाकलतील." त्यानं खिशातून तिकिटाचा अर्धा तुकडा काढला. "अन् मायाप्पा, तुझी आई गेली म्हनल्यावर मी सिनेमाला गेलो, त्येची लाज वाटली मला. म्हनून बोललो न्हाय."

चनबसप्पांनी तिकीट पाहून परत दिलं. "खरं बोलायला एवढा वेळ लावू नये," ते म्हणाले. "लोक फासावर जातात."

पंचाक्षरी आपल्या खोलीत मेजाशी बसले होते. पन्नाशीचे, कपाळावर भस्म, अंगात स्वच्छ कोट. गरिबांच्या मुलांसाठी झिजणारा माणूस म्हणून सभांतून त्यांचं नाव घेतलं जाई. मेजावर बोर्डिंगच्या वार्षिक अहवालाचा इंग्रजी खर्डा पडला होता. अर्धाच झाला होता. अक्षर मायाप्पाचं होतं.

चिमाबाईला पाहून ते उठले. "अरे वा! म्हणजे खबर खोटी? फार छान झालं, बाई. कुणी नीच माणसानं ही थट्टा केली?"

"तेच विचारायला आलोय," चनबसप्पा म्हणाले. "कार्ड पोस्टमननं कुणाला दिलं?"

"मला. फाटकाशीच उभा होतो."

"त्याच्या हातातून तुमच्या हातात?"

"हो. कोपरा पाहिला आणि काळजात चर्र झालं. मायाप्पा मला मुलासारखा."

"पोस्टमनला काही द्यावं लागलं?"

"द्यायचं कशाला? साधं कार्ड ते."

"मग तो गेला?"

"गेला. चनबसप्पा, ही उलटतपासणी माझी चालली आहे काय?"

"हो," चनबसप्पा म्हणाले. त्यांनी तुकडे खिशातून काढून अहवालाच्या खर्ड्यावर मांडले आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"बघा. कोपरा फाडायची आपली रीत आहे. पण आजवर कुणी राजाचं मुंडकं फाडलेलं पाहिलंय? मी एकतीस वर्षांत नाही पाहिलं. तिकिटाचा कोपरा फाडला की कार्ड बैरंग, म्हणजे बिनतिकिटाचं, ठरतं. दुप्पट दंडाचा ठसा बसतो आणि पोस्टमन दारात पैसे मोजून घेतल्याशिवाय ते सोडत नाही. ज्याच्या घरात मयत झालंय तो माणूससुद्धा यात चुकत नाही. तो खालचा कोपरा फाडतो."

त्यांनी काठीचं टोक तुकड्यांवर टेकवलं.

"आता या कार्डावर दंडाचा ठसा शोधा. नाही. सोलापूरचा शिक्का? नाही. ज्या गावाहून आलं तिथला? तोही नाही. हे कार्ड टपालात कधी पडलंच नाही. याच आवारात लिहिलं आणि याच आवारात फाडलं. तोच कोपरा का? तिकीट बिनशिक्क्याचं दिसलं असतं, तर पोराला संशय आला असता. कोपराच नसला की प्रश्न मिटला. आणि अशा कार्डाकडं निरखून बघतो कोण? वाचलं की फाडलं. पुरावा आपल्याच हातानं निवडुंगात."

"हे तर कुणीही..." पंचाक्षरी म्हणाले.

"कुणीही नाही. जे कार्ड पोस्टानं आलंच नाही, ते पोस्टमनच्या हातून घेतल्याचं तुम्ही आत्ता सांगितलंत. साध्या कार्डासारखं, फुकट. बोलावू पोस्टमनला? कोपऱ्यावरच राहतो."

पंचाक्षरी पुन्हा खुर्चीत बसले.

"आईच का मारली, तेही सांगतो. मेंढरांचा वाडा उन्हाळ्यात कुठं असेल ते कुणाला ठाऊक नसतं. पोरगा चार दिवस नदीकाठ तुडवत राहील, तेवढ्यात तारीख टळेल. मग जूनमध्ये कपाटामागं पाकीट सापडणार. 'अरेरे, मायाप्पा, इथंच होतं की रे!' आणि पोरगा पुन्हा इथंच. पुन्हा हा अहवाल लिहायला." चनबसप्पांनी खर्ड्यावर काठी आपटली. "चार वर्षं बोर्डिंगचं सगळं इंग्रजी यानं लिहिलं. सही तुमची, शाबासकी तुमची. आयत्या पिठावर रेघोट्या! हा गेला तर इंग्रज साहेबाला दोन ओळी कोण लिहिणार? त्या खाटेखालच्या पेटीची किल्ली काढा."

किल्ली करदोट्याला बांधलेली होती. पंचाक्षरींनी ती सोडून मेजावर ठेवली आणि धोंडीरामनं पेटी उघडली. पाकीट धोतरांच्या घडीखाली होतं. लाख शाबूत.

"मी देणारच होतो," पंचाक्षरी पुटपुटले. "मायाप्पा, चार वर्षं तुला जेवू घातलं रे मी."

"जेवू काशम्मानं घातलं," मायाप्पा म्हणाला. "तुमी माझी आई मारली."

तो पाकीट छातीशी धरून पळत सुटला. खिडकी बंद व्हायला पाऊण तास होता.

पंचाक्षरी चिमाबाईच्या पायाशी वाकले. तिनं पाय मागं घेतले.

"मला मारलीस त्येचं काय न्हाय. म्हातारी हाय, एक दिस मरनारच. पर त्यो रडत आला की रं मोहोळात. एवढा बाप्या मानूस, भर बाजारात माझ्या पदराला धरून लहान पोरावानी रडला. मला वाटलं ह्येलाच काय तरी झालं. त्ये रडनं कसं फेडनार तू?"

पंचाक्षरी सावकाश उठले.

"माझं पोरगं आता हितं ऱ्हात न्हाय. त्येची ट्रंक आन."

"मी आणतो, काकू," धोंडीराम पुढं झाला.

"तू न्हाय. ह्यो आनंल."

चनबसप्पांनी धोंडीरामचा दंड धरून त्याला मागं ओढलं. काशम्मा चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं सुपरिंटेंडेंट पंचाक्षरी पुस्तकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर पडले. भर उन्हात शेजारपाजारची माणसं दारात आली. चिमाबाई लोकरीचं गाठोडं घेऊन पुढं चालत होती आणि मागं वळून एकच सांगत होती, "हळू. पुस्तकं हायत."