उभा वर्ग

त्या खोलीत 'बसा' हा शब्द मीच उच्चारला, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. पुढे जे घडले त्याचे श्रेय किंवा दोष, जे काही असेल ते माझे.

माझ्या भाचीने एका बंद पडलेल्या शाळेतील खोली शिवणकामासाठी घेतली होती. त्या शाळेशी माझा कधीच संबंध नव्हता. मी आयुष्यभर शिकवले ते दूरच्या गावी. तेथील मुले मला माघारी 'फूटपट्टी' म्हणत. ते मला ठाऊक होते, हे मात्र मी कोणालाही कळू दिले नाही.

"मावशी, आता एकच टेलरबाई उरली आहे," भाची म्हणाली. "ती पळाली की मला कुलूपच लावावं लागेल. मी सकाळी आत पाऊल टाकलं, की रिकाम्या खुर्च्या आपोआप मागे सरकतात... आणि दिवसभर कोणीतरी पाय घासतं."

"उंदीर असतील."

"खुर्च्या सरकवणारे?"

आम्ही तिघी गेलो. सकाळ ढगाळ होती. आत यंत्राच्या तेलाचा, कोऱ्या कापडाचा आणि, का कोण जाणे, ओल्या खडूचा वास होता. शिलाईयंत्रे रांगेने मांडलेली, साऱ्यांची तोंडे भिंतीवरच्या जुन्या फळ्याकडे. मी उंबरठा ओलांडला मात्र, माझी पाठ ताठ झाली आणि उजवा हात खडू शोधू लागला. मी त्याला तसे सांगितले नव्हते. मेंदू जागा ओळखतो आणि हातांना परस्पर कामाला लावतो. आपण निवृत्त झालो आहोत, हे त्यांना कोण सांगणार?

खर्रर्र... साऱ्या रिकाम्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

टेलरबाई भाचीच्या मागे लपली, भाची माझ्या मागे. माझे तोंड मात्र सवयीने उघडले.

"बसा."

खुर्च्या पुढे सरकल्या. सुटकेचा एक दीर्घ निःश्वास खोलीभर फिरला...

"अगं, तू आत येतेस म्हणून ती उभी राहतात," मी कुजबुजले. "आणि 'बसा' कोणी म्हणतच नाही! बिचारी दिवसभर ताटकळतात. पाय घासणार नाहीत तर काय करतील?"

"ती... म्हणजे कोण, मावशी?"

मी नुसते रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवले.

तेथेच ठरले, की भाचीने रोज आत येताच 'बसा' म्हणावे. भाचीने ते मान्य केले. दाराजवळची जागा मिळण्याच्या अटीवर टेलरबाईनेही मान्य केले.

"ठरलं तर मग?" मी विचारले.

मागच्या रिकाम्या रांगेनेही एका सुरात मान्य केले.

"हो... फूटपट्टीबाई."