काउंटरवरचा उजेड

तो पहिल्यांदा बोलला तो स्वतःच्या बुटांशी. निदान तिला तरी तसंच वाटलं. जन्मदाखल्यांच्या तिच्या काउंटरपाशी हा बदली होऊन आलेला नवा क्लार्क मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होता, आणि त्यात ती झुबकेदार मिशी!

"मला ऐकू येत नाही, मी ओठ वाचते," ती म्हणाली. "बुटांशी बोलून झालं की माझ्याकडे बघा. आणि त्या मिशीचं... तेवढं बघा काहीतरी."

तो कानापर्यंत लाल झाला. कुणाच्या डोळ्यांत बघून बोलणं म्हणजे त्याला शिक्षाच. पण दुसऱ्या दिवशी आला तो मिशी कातरून. सगळ्या ऑफिसने त्याची यथेच्छ फिरकी घेतली. तो मात्र थेट तिच्यासमोर आला आणि चेहरा वर करून त्याने विचारलं, "आता... दिसतंय... का?"

"दिसतंय. पण नेहमीसारखं बोला हो, मी काही बालवाडीत नाही."

मग रोज चहाला तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसू लागला. शेजारी बसून चालणारच नव्हतं ना! बोलायचं तर बघायला हवं, आणि बघितलं की हा बोलायचं विसरायचा. तिला ते फार आवडायचं. लपवायचं कशाला, घरी आईनेसुद्धा ओळखलं होतं.

अशात साहेबांनी बैठक बोलावली. काउंटरवर सगळं दोन-दोनदा सांगावं लागतं, अशा लोकांच्या तक्रारी होत्या. तेव्हा तिला मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवू, तिच्याच सोयीसाठी, असं साहेब कागदांत बघत म्हणाले. तिला निम्मंच कळलं, पण तेवढं पुरे होतं. ही जागा तिने परीक्षा देऊन मिळवली होती. बाळाचं नाव सांगताना फुललेले चेहरे तिला इथेच बघायला मिळायचे.

साहेबांनी नव्या क्लार्कचं मत विचारलं. तो उठला आणि साहेबांकडे चक्क पाठ करून तिच्याकडे वळला.

"तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवताहेत. तुमचं म्हणणं काय, ते तुम्हीच सांगा."

तिने सांगितलं. दार लोकांच्या पाठीमागे आहे. उजेड मागून येतो, तोंडं अंधारात राहतात. काउंटर खिडकीकडे वळवा, वर एक दिवा लावा, आणि समोर बघून बोला अशी पाटी लावा.

"सोय करायची तर इथे करा, साहेब," ती म्हणाली. "मला उचलून आत ठेवणं म्हणजे अडगळ आवरणं झालं."

साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. वळवू काउंटर."

खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. टेबलापलीकडून तो तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, आवाज न करता. 'लग्न करशील माझ्याशी?'

आत्तापर्यंत 'तुम्ही' होतं! तिचे गाल तापले. किती काळजी घेतली होती त्याने, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून... पण आज तिला काहीच आतल्या खोलीत ठेवायचं नव्हतं.

"करीन की लग्न," ती खणखणीत आवाजात म्हणाली. दारापर्यंत पोचलेले साहेब जागीच थांबले. "आता तूही मोठ्याने विचार. माझ्यासाठी नको, या सगळ्यांसाठी."

त्याने घसा खाकरला आणि विचारलं.