श्री. व सौ. देशपांडे

"श्री. व सौ. देशपांडे, सीट नऊ आणि दहा!" चंद्रशेखरकाकांनी यादी वाचली, आणि शरयू बसच्या पायरीवरच थबकली.

चौऱ्याऐंशी सालचा जून होता. न्यूयॉर्कहून मुंबईला निघालेल्या चाळीस मराठी माणसांना अथेन्समध्ये विमान बदलायचं होतं. मग तेवढ्यात एक दिवस गाइड घेऊन बसने ग्रीक अवशेष पाहावेत, अशी पार्सिपनी गावच्या चंद्रशेखरकाकांनी टूम काढली. यादीत त्यांना दोन देशपांडे दिसले, आणि त्यांनी परस्पर लग्नच लावून टाकलं!

"काका, मी यांना ओळखतसुद्धा नाही!"

"मीही नाही," दहा नंबरवरचा उंच तरुण हसला. "श्रीरंग. श्रूजबरीला असतो, इंजिनिअर आहे."

"शरयू. शॉमबर्ग, फार्मसिस्ट... आणि मला खिडकी हवीय."

त्याने मुकाट्याने खिडकी दिली. तिथेच पंचाईत झाली, कारण आता खिडकीबाहेर बघायचं तिला सुचेना.

कोरिंथला उंच खांबांच्या सावलीत काकूंनी दशम्या वाटल्या. जोडप्यामागे पुडकं एकच! दशमी मोडताना बोटांना बोटं लागली, आणि लसणीची चटणी उगाचच जास्त तिखट वाटू लागली.

"मुंबईहून पुढे कुठे?" त्याने विचारलं.

"पुण्याला. तीन मुलं बघायचीत. महिन्याभरात एकाला हो म्हणायचंय. आईला प्रॉमिस केलंय."

"तीन?" त्याच्या हातातली दशमी तशीच राहिली. "मी नागपूरला चाललोय. उद्या सकाळीच."

म्हणजे हातात होता तो एवढाच दिवस. सकाळी नावही माहीत नसलेल्या माणसाचं नागपूर शरयूला इतकं का बोचावं?

मायसीनीच्या चढावर त्याने हात पुढे केला. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या दरवाजावरच्या दगडी सिंहांना डोकी नव्हती. शरयूचंही ठिकाणावर नव्हतंच. चढ संपला तरी हात सुटला नाही.

"शरयू, मला..." तो म्हणाला.

"चला, चला, बस निघाली!" काका ओरडले. काकांना अगदी मुहूर्त साधायची सवय होती.

शेवटचा थांबा एपिडॉरसचं दगडी नाट्यगृह. मध्यभागी काडी ओढली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं, असं गाइडबाई सांगत होत्या. पण श्रीरंगचं लक्ष होतं कुठे? सगळ्यांसोबत शरयू धापा टाकत अगदी वर जाऊन बसली. खाली तो एकटा उभा होता. तिच्याकडे बघत तो स्वतःशीच पुटपुटला...

"शरयू... तुझं गोत्र कोणतं?"

सगळ्यांच्या माना गर्रकन तिच्याकडे वळल्या. आडनाव एक असताना मुलगा गोत्र का विचारतो, हे तिथल्या लहानथोरांना ठाऊक होतं.

"अगं, सांग ना पटकन!" काकूंनी ढोसलं.

शरयू लालबुंद झाली. सहाव्या वर्षी अमेरिकेत आलेल्या मुलीला गोत्र कोण शिकवणार? ती उठून उभी राहिली. "आय डोन्ट नो! पण... विचारते!"

परतताना बसमध्ये तो हळूच म्हणाला, "मला स्वतःला काही फरक पडत नाही गं. पण आपण सगोत्र निघालो तर माझी आई अन्न सोडेल... खरंच सोडेल."

"माझीही," शरयू म्हणाली, आणि तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

विमानतळावर तिने शॉमबर्गला आईला कलेक्ट कॉल लावला, पैसे तिकडून भरायचे म्हणून. फोनभोवती अर्धी बस जमली होती.

"गोत्र?" आई किंचाळलीच. "अथेन्सहून गोत्र विचारायला फोन? भारद्वाज. का गं?"

"भारद्वाज," शरयूने मोठ्याने सांगितलं.

श्रीरंगने डोळे मिटून सुस्कारा सोडला. "कौशिक... माझं कौशिक!"

काकूंनी टाळ्या पिटल्या. काका तर यादी फडकवत सगळ्यांना सांगत सुटले, "मी सकाळीच म्हणालो नव्हतो?"

"कसला गोंधळ आहे तिकडे? कोण मुलगा?" आई विचारत होती. "अगं, पुण्याच्या मुलांना काय सांगू?"

"कॅन्सल कर, आई." शरयूने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, आणि हसू आवरत नव्हतं. "आणि ऐक ना... पासपोर्टवरचं आडनावसुद्धा बदलायला नको."