शुक्रवारची वसुली

छत्रीचे पाणी नेमके ताज्या शाईवर पडले आणि खिडकीपलीकडची लेखणी थांबली.

पौडच्या वीज कचेरीची ती खिडकी इतकी ठेंगणी होती की, बिल भरायला आलेल्या प्रत्येकाला गाभाऱ्यात शिरावे तसे वाकावे लागे. जुनी माणसे तर पायरीशी वहाणाही काढून ठेवीत. जया वाकली तेव्हा वडिलांची भली थोरली काळी छत्री तिने काखेत आडवी धरली होती, आणि श्रावणातली सर त्या छत्रीच्या टोकावरून थेंबाथेंबाने ओघळत थेट जाळीतून आत उतरत होती.

"बाई, छत्री…" आतून आवाज आला.

"काय झालं छत्रीला?"

"छत्रीला काही झालेलं नाही. पावतीला झालं."

जयाने मान आणखी खाली घातली. जाळीआड एक तरुण चेहरा होता, शाईने निळे झालेले बोट होते, आणि त्या बोटाखाली अक्षरांचे ओहोळ वाहत होते. तो रागावलेला नव्हता. हसू दाबीत होता, आणि ते दाबणे त्याला मुळीच साधत नव्हते.

"मग दुसरी लिवा की," ती म्हणाली. "तुमी बसल्या जागी हायसा. मी माल्याहून भिजत आलीया."

"लिहितो. नाव?"

"हैबतरावांच्या नावावर हाय बिल."

"ते कागदावर दिसतंय. मी… पैसे आणून कुणी दिले, ते विचारतोय."

"ते लिवतात व्हय पावतीवर?"

"नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मुळशीचे पाणी घाट उतरून वीज होत होते आणि ती वीज मुंबईला जात होती, हे माले गावच्या लोकांनी आयुष्यभर ऐकले होते. पण त्यांच्या स्वतःच्या ओसरीवर दिवा लागला तो त्या वर्षीच्या पाडव्याला, आणि तोही मोजक्याच घरांत. हैबतरावांचे घर त्यांतले एक. हैबतराव, जयाचे वडील, आंबेमोहोराच्या खाचरांतून दिवसभर वर डोके काढीत नसत. घराचा कारभार त्यांच्या विधवा बहिणीच्या, गोजराबाईंच्या हाती होता आणि त्यांच्या शब्दाबाहेर घरातले मांजरही जात नसे. छापील कागद वाचता येणारी घरात एकटी जयाच; सातवी फायनल झालेली. म्हणून शेजारच्या रंभाबाई अंडी विकायला पौडला निघाल्या की त्यांच्या सोबतीने जयाने जावे आणि बिल भरून यावे, असा गोजराबाईंनी हुकूम सोडला होता.

वाल्मीकने, त्या कारकुनाचे नाव वाल्मीक होते, पावती पुन्हा लिहिली. शाई नीट टिपली. आणि मग, आपण भल्या माणसासारखे वागावे या हेतूने, आयुष्यातली मोठी चूक केली.

"दर महिन्याला इतक्या लांब यायलाच पाहिजे असं नाही," तो म्हणाला. "मनीऑर्डर करता येते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती बिलाचा कागद आणि पैसे धाडले तरी चालतात. नाहीतर दोन-तीन महिन्यांचं आगाऊ भरून ठेवा, म्हणजे काळजीच नको."

"झालं सांगून?"

"हो."

"मी परत तोंड दाखवू नये म्हणून इतक्या वाटा शोधून ठिवल्यात तुमी?"

"तसं नव्हे…"

"मग कसं?"

मागून रंभाबाईंनी जयाच्या पाठीत कोपर खुपसले. "अगं ए, बिल भरतीस का पंगत बसलीया तुझी हितं?"

भाद्रपदात ती पुन्हा आली. छत्री या खेपेला तिने पायरीशीच ठेवली होती.

"मनीऑर्डर नाही केलीत?" त्याने विचारले. लेखणी मात्र हलत नव्हती.

"पोस्टमास्तर सुटीवर हाय."

"आणि येणारं-जाणारं कुणी भेटलं नाही?"

"भेटलं की. पर आमच्या आत्याला परक्याचा भरवसा न्हाई."

"आगाऊ…"

"आगाऊपणा मला आवडत न्हाई," ती म्हणाली, आणि या वेळी हसू दाबण्याची पाळी तिच्यावर आली.

आश्विनात पोस्टमास्तर अजून सुटीवरच होते. "फार मोठी सुटी दिसते," वाल्मीक गंभीरपणे म्हणाला. "गरीब बिचारा आजारी असंल," ती त्याहून गंभीरपणे म्हणाली. त्या दिवशी पावती देताना त्याचे बोट तिच्या बांगड्यांना ओझरते लागले. काचेचा एक बारीकसा आवाज झाला… एवढेच. पण एस.टी.च्या खिडकीशी बसून माल्यापर्यंत येताना दुतर्फा पिवळी पडू लागलेली भातशेती तिला दिसली नाही, आणि रंभाबाई अंड्यांच्या भावाबद्दल काय बोलत होत्या, तेही तिला कळले नाही.

कार्तिक लागला, आणि गावात दवंडी फिरली. ज्यांच्या घरी वीज आहे त्यांनी आता पौडला हेलपाटा घालण्याचे कारण नाही. दर शुक्रवारी कचेरीचा माणूस सायकलवरून माल्याला येईल, दारात बिल घेईल आणि दारातच पावती देईल.

सारे गाव खूश झाले. जयाने मात्र निवडायला घेतलेले तांदळाचे सूप खाली ठेवले.

पौड सुटले. खिडकी सुटली. उंबऱ्यावर कुणी मिशाळ म्हातारा येऊन पावती फाडणार आणि झाले… इतके सगळे तिच्या मनात येऊन गेले, आणि मग एकाएकी तिचे डोळे लकाकले.

"आत्या," ती लाडाने म्हणाली, "शुक्रवारी आपल्यातनं पैसा भाईर देतात का गं?"

गोजराबाई भिंतीवरच्या मीटरला हळदकुंकू लावीत होत्या. वीज घरात आली त्या दिवसापासून दर शुक्रवारी त्या मीटरची पूजा करीत, आणि मीटरचे आकडे वाचणाऱ्याला आधी काचेवरचे कुंकू पुसावे लागे.

"शुक्रवारी लक्ष्मी उंबऱ्याभाईर?" त्या वळून म्हणाल्या. "माझ्या जित्तेपणी न्हाई. त्यो माणूस येऊ दे न्हाईतर त्याचा साहेब. तू आपली आदल्या दिशी पौडला जा न् भरून ये."

जया गुरुवारी पौडला गेली. हिरव्या बांगड्या नव्या होत्या, वेणीत शेवंती होती. ती पायरी चढली, वाकली, आणि जाळीआड चष्मा दिसला. चष्म्यामागे गेणबा नावाचे एक वयस्क कारकून होते.

"ते… दुसरे बसायचे हितं," ती अडखळली.

"वाल्मीक?" गेणबांनी चष्मा वर केला. "त्याला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. सावलीतलं काम सोडून माल्याची फेरी मागून घेतली बघा. साहेबाच्या मागं लागून मागून घेतली. उद्यापासून बसंल उन्हात सायकल हाणत. आणा बिल."

जयाच्या हातातला कागद गेणबांनी घेतलासुद्धा. पावती फाडली गेली. ती पावती घेऊन ती पायरीवर उभी राहिली. तिला रडावे की हसावे हे ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सायकलची घंटा वाजली. वाल्मीक घामाने निथळत होता, पण भांग ताजा पाडलेला होता.

"भरलं की कालच," गोजराबाई ओसरीवरून म्हणाल्या. "जये, पावती दाव त्यास्नी. न् पाणी आण."

त्याने पावती पाहिली. मग तिच्याकडे पाहिले. गोजराबाई गुळाचा खडा आणायला आत गेल्या होत्या.

"पौडला गेला होतात?" तो हळूच म्हणाला.

"व्हय."

"कशाला? मी इथं येणार होतो ना."

"मला काय ठावं? मी तितं आलते."

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले… आणि मग एकाच वेळी हसले. इतके, की तांब्यातले निम्मे पाणी अंगणातल्या तुळशीला न मागता मिळाले.

पुढच्या महिन्याचे बिल आले, तेव्हा जयाने पौडचे नाव काढले नाही. डोके दुखू लागले, मग पाय मुरगळला, मग रंभाबाईंच्या कोंबड्या अंडी देईनात. शुक्रवारी वाल्मीक आला. गोजराबाईंनी त्याला चहा दिला, चिवडा दिला, बिल दिले नाही. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला.

"अरं पोरा, शुक्रवारी आमी पैसा देत न्हाई म्हणून एकदा सांगितलं की तुला."

"म्हटलं पाहावं, आत्याबाई. एखादा शुक्रवार सोडत असाल."

"न्हाई सोडत."

"मग चहा तरी घेतो," तो म्हणाला आणि निवांत बसला.

हे असेच चालायचे, तर काही बिघडत नव्हते. पण मार्गशीर्ष संपत आला होता. पौषात सोयरिकीची बोलणी होत नाहीत, म्हणून चांदे गावच्या एका घराने घाई लावली. घर तालेवार, विहिरीची बागायत, मुलगा सुस्वभावी. त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि जयाची पंचाईत तीच होती. येत्या रविवारी चांद्याची मंडळी सुपारी फोडायला येणार, असे हैबतरावांनी जेवताना सांगितले.

मधला शुक्रवार एकच उरला होता.

त्या दिवशी वाल्मीक चहा पिऊन निघाला. जया गोठ्याकडे जाण्याचे निमित्त करून चिंचेखाली त्याच्या वाटेत उभी राहिली. वाऱ्यावर नव्या भाताच्या पेंढ्याचा वास होता.

"रविवारी चांद्याचे लोक येत्यात," ती म्हणाली. "सुपारीला."

त्याने सायकलचा दांडा घट्ट धरला.

"चांगलं घर आहे ते," तो चाकाच्या आऱ्यांकडे पाहत म्हणाला.

"चांगलं हाय. मग?"

"मी काय म्हणणार? त्यांची बागायत आहे. माझी ही सायकल, आणि तीही कचेरीची."

मुलीच्या जातीने किती सोसावे, यालाही सीमा असते.

"बिल भरायच्या धा वाटा सांगितल्यात पहिल्या दिशी," जया म्हणाली. "मी न इचारता सांगितल्यात. आज मी इचारतीया, तर तुमास्नी एक वाट सुचंना? ओसरीवर आबा बसल्यात, आत्या बसलीया. ती वाट काय लांब हाय?"

वाल्मीकने मान वर केली. मग त्याने सायकल चिंचेला टेकवली आणि तो आल्या पावली परत फिरला. जया मागच्या दाराने धावत माजघरात शिरली आणि दाराआड उभी राहिली.

"आज न्हाई मिळायचं म्हटलं की रं," गोजराबाईंचा आवाज आला.

"मी बिलासाठी आलो नाही, आत्याबाई." वाल्मीक म्हणाला. "जयाला… मला मागणी घालायची आहे. रविवारच्या आधी."

हैबतरावांनी अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आतपर्यंत आला.

"कुणाचा तू?" हैबतरावांनी विचारले.

"मारुंजीच्या बहिरूनानांचा धाकटा. थोरला भाऊ भैरू शेती बघतो."

"नोकरी म्हंजे बदलीचं बिऱ्हाड. आज पौड, उद्या कुटं?"

"झाली तर पुण्यापर्यंत होईल. मारुंजीचं घर आहेच. जमीन थोडी आहे, ते लपवत नाही."

"न् चांद्यास्नी काय सांगू मी? शब्द द्यायला बसलोय."

"बसलायस, दिला न्हाईस," गोजराबाई मध्येच म्हणाल्या. "ह्याच्या आईला मी वळखते. रत्नाबाई. माझ्या नणंदेच्या गावची, हाताची सढळ बाई. न् तुला मी आज सांगते दादा, मला काय दिसत न्हाई व्हय? वसुलीचा माणूस पैका न घेता दर शुक्रवारी हसत जातो, त्याची वसुली कुटं व्हतीया ते कळायला शाळा लागत न्हाई. म्या म्हटलं बघू, कवा तोंड उघडतोय."

हैबतरावांनी माजघराकडे तोंड केले.

"जये. भाईर ये."

ती आली. पदर दोन्ही खांद्यांवर, नजर जमिनीवर.

"चांद्याचं घर आपल्याहून वरचढ हाय. उद्या म्हणशील, बापानं बघितलं न्हाई. तुजं काय ते तुज्या तोंडानं सांग."

"घर चांगलं हाय, आबा," जया म्हणाली. "माणूसबी चांगला असंल. पर…" तिने क्षणभर डोळे उचलून ओसरीच्या कडेला उभ्या असलेल्या त्या घामेजलेल्या कारकुनाकडे पाहिले. "मला भांडायला ह्यांच्याशीच आवडतं."

हैबतरावांनी मिशीवर हात फिरवला. तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला, कारण खाली हसू होते.

"उद्या सकाळच्या गाडीनं आईला घेऊन ये," गोजराबाईंनी वाल्मीकला फर्मावले. "भावालाबी. जेवायलाच या. चांद्याकडं मी सोता निरोप धाडते. चांगली माणसं हायेत, मानानं सांगितलं तर रागवायची न्हाईत. आता निघ. उभा राहून ओसरी झिजवू नगंस."

वाल्मीकने दोघांच्या पाया पडून घेतले. मग तो जयापाशी आला. "उद्या…" एवढेच तो म्हणाला. "उद्या," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिला जे सांगायचे होते ते सारे मावले.

तो अंगण ओलांडून गेला. त्याने चिंचेला टेकवलेली सायकल घेतली. ऊन कलले होते, रस्ता वेशीपर्यंत सरळ होता आणि पौड लांब होते. गोजराबाई डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "त्यो चालतच निघाला की. सायकल धरलीया हातात न् चालतोय. पंचर झाली का काय?"

"न्हाई, आत्या."

"मग?"

वेशीच्या वळणावर एक माणूस सायकलचा दांडा धरून, कुठे पाहत आहे याचे भान नसल्यासारखा चालला होता. जया खांबाला टेकून त्याच्याकडे पाहत राहिली.

"बसायचं इसरल्यात," ती म्हणाली.