ढवळीला वळायला जागा

महाडात दीपकने काढलेल्या नकाशांवर किती तरी घरं उभी आहेत. त्यांतल्या एकाही घरमालकाने त्याला छळलं नव्हतं, इतकं त्याच्या बापाने छळलं. आणि तेही एका खोलीसाठी.

बाप म्हणजे सोनबा, घरात सगळ्यांचे आबा. ते कुडपणहून खाली उतरले ते एक गाठोडं आणि एक कुत्रा घेऊन. कुत्र्याचं नाव मास्तर. कारण तो दिवसभर झोपायचा आणि मधूनच उगाच ओरडायचा. आई गेल्यापासून वर डोंगरावर आबा, मास्तर आणि ढवळी गाय असं तिघांचं कुटुंब होतं. थंडीत ढवळी गेली. पाठोपाठ आबा चक्कर येऊन बांधावर पडले, आणि पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे ह्यांना एकटं ठेवू नका. हे आबा सोडून सगळ्यांना पटलं. बाप आणि कुत्रा दोनदा एसटी स्टँडवर सापडले. दुसऱ्या खेपेला कुत्र्याला गाडीत घ्यायचं की नाही यावर वाद रंगला म्हणून गाडी चुकली. नाहीतर गेलेच होते.

तेव्हा खोली अशी हवी की आबांचा पाय निघू नये. दीपकने जीव ओतला. न घसरणारी फरशी, आबांना उठायला सोपा पलंग, मास्तरसाठी हाडांची चित्रं छापलेली ऑनलाइन गादी, सरकत्या दारांचं भिंतभर कपाट. प्लगपॉइंट छातीच्या उंचीवर, कारण पुराने महाडात एखादं घर एकदा पाहिलं की तो पत्ता विसरत नाही.

आबा पलंगावर नुसते बसून राहायचे. डोळा लागत नव्हता, ताटातली भाकरी ताटातच. मास्तरने हाडांच्या गादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो कपाटाच्या दाराला नाक लावून कण्हत बसला.

"आबा, काय कमी आहे ते सांगा ना," दीपक म्हणाला.

"कमी नाय रे. जास्त हाय." आबांनी कपाटाकडे बोट केलं. "ढवळी कुठं बसल?"

दीपकने बायकोकडे पाहिलं. रेश्माने पंख्याकडे पाहिलं.

"आबा, ढवळी गेली."

"ठावं हाय मला. मीच माती दिली. गेली म्हंजे जागा नको काय तिला?"

कुडपणच्या घरात माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. मध्ये मांडीएवढी भिंत. अलीकडे आबांची बाज, पलीकडे ढवळी, आणि ढवळीच्या पोटाला टेकून मास्तर. थंडीत तिच्या अंगाची ऊब भिंतीवरून अलीकडे यायची. दीपक स्वतः अशाच उबेत वाढला होता. पण पुढे डिप्लोमा झाला.

"रिकाम्या जागेचा उपयोग काय?" त्याने स्वयंपाकघरात रेश्माला विचारलं.

"हॉलमध्ये तुमची व्यायामाची सायकल आहे. तिचा काय उपयोग होतो?"

कपाट निघालं.

महादू गवंड्याने मांडीएवढी भिंत घालायला घेतली. "ह्याच्या पल्याड काय येणार, भाऊ? वॉशिंग मशीन?"

"हां," दीपक म्हणाला.

आबा शेजारी उभे राहून माप सांगत होते. "आनिक दोन वीत सोड रे. तिला वळायला जागा पायजे."

महादूने दोन वीत सोडली. वॉशिंग मशीन वळतं कसं, हे त्याने विचारलं नाही.

भिंत वाळली आणि आबा झोपायला लागले. दोन-दोन भाकऱ्या खाऊ लागले. स्टँडचा विषय निघेना. दीपकने नकाशात त्या जागेवर 'इतर' असं लिहिलं आणि प्रश्न मिटवला.

मग मास्तरचं चालणं बदललं. तो दारातून सरळ पलीकडे जाईना. रिकाम्या जागेला हातभर लांबून वळसा घालायचा आणि मागच्या बाजूने जाताना अंग चोरायचा. लाथ खाल्लेलं जनावर चोरतं तसं. दीपक हसला. सवय, दुसरं काय.

रेश्मा म्हणाली, खोलीत ओल्या गवताचा वास येतो. वैशाख होता, अख्ख्या गावात हिरवी काडी नव्हती. गाठोड्याचा असेल, दीपक म्हणाला.

पलीकडच्या भिंतीचा नवा रंग एका पट्ट्यात गुळगुळीत झाला, कोणी रोज खांदा घासावा तसा. पट्टा कमरेच्या वर होता. मास्तर तिथवर पोचत नव्हता.

"ओल असेल," दीपक म्हणाला, आणि एका दुपारी टेप घेऊन बघायला गेला.

बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. आबा गाढ झोपलेले. त्यांचा हात बुटक्या भिंतीवरून पलीकडे गेला होता, पंजा सैल, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा.

दीपकने जागेच्या टोकाशी उभं राहून त्या पट्ट्याला तळवा लावला. भिंत कोरडी होती. आणि ऊबदार. ती उत्तरेची भिंत होती. तिच्यावर ऊन येत नाही, हे त्याच्याच नकाशात होतं.

पंखा कुरकुरत होता. सावकाश, ओलसर, एका लयीत. तेल घालायला हवं, त्याने मनाशी म्हटलं आणि वर पाहिलं.

लाईट सकाळीच गेली होती. पंखा बंद होता.

त्याने खाली पाहिलं. मास्तर झोपला होता. आडवा नव्हता, रेललेला होता. त्याची मान फरशीपासून वीतभर उंचावर टेकली होती. खाली काही नव्हतं.

मान हळूहळू वर जात होती. हळूहळू खाली येत होती. मास्तरच्या स्वतःच्या बरगड्या त्याहून कितीतरी भरभर हलत होत्या.

टेप हातातून सुटला आणि फरशीवर वाजला.

"हळू रे," आबा डोळे न उघडता म्हणाले. "आत्ता बसलीय ती."

दीपक बाहेर निघाला. सरळ नाही. हातभर लांबून, वळसा घालून, अंग चोरून.

तो दाराशी पोचला तेव्हा कुरकुर थांबली. कोण आलं होतं ते बघून घ्यावं, इतकाच वेळ.

मग पुन्हा सुरू झाली.